आंतरजालावरील खासगीपणा

आंतरजालावरील खासगीपणा : आंतरजाल वापरताना आपल्याविषयीची कोणती माहिती कोणाकडे, किती काळ आणि कशासाठी जावी, हे ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार आणि तो प्रत्यक्षात बजावण्याची तिची क्षमता. गुप्तता याहून वेगळी. रुग्ण आपला आजार डॉक्टरांना सांगतो तेव्हा तो गुप्त राहत नाही, पण खासगी राहतो. तीच माहिती त्याला न विचारता विमा कंपनीच्या हाती पडली की खासगीपणा मोडतो. सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांनी १८९० मध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त या हक्काची कायदेशीर मांडणी केली, तेव्हा त्यांच्यासमोर झटपट छायाचित्रे आणि घराघरांतल्या गोष्टी छापणारी वृत्तपत्रे होती. नव्या तंत्राने खासगीपणाला धक्का द्यावा आणि समाजाने त्याला नियमांनी उत्तर द्यावे, हे तेव्हापासून चालत आले आहे. आंतरजालाबाबत मात्र असे उत्तर आता शक्यच उरलेले नाही, असा समज रूढ झाला. सन मायक्रोसिस्टिम्सचे प्रमुख स्कॉट मॅकनीली यांनी तर १९९९ मध्येच, खासगीपणा शिल्लक नाही, हे मान्य करून टाका, अशा आशयाचे विधान केले होते. हा समज अर्धाच खरा आहे. एकट्यादुकट्याने सावध राहून खासगीपणा राखणे आज जवळजवळ अशक्य आहे. पण तंत्राची रचना आणि कायदा यांच्या बळावर तो राखता येतो, आणि जिथे तसे प्रयत्न झाले तिथे तो बऱ्याच अंशी राखला गेला आहे.

नाव वगळण्याच्या मर्यादा : नाव काढून टाकले की माहिती निरुपद्रवी होते, ही समजूत सर्वांत आधी कोसळली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे वगळून संशोधनासाठी दिल्या जात. लटान्या स्वीनी या संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीने १९९७ मध्ये त्या नोंदी केंब्रिज शहराच्या मतदारयादीशी ताडून पाहिल्या आणि तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची वैद्यकीय नोंद शोधून काढली. त्यासाठी जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक एवढेच पुरले. अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक या तीन गोष्टींवरून एकमेवपणे ओळखता येण्याजोगे आहेत, असे तिने पुढे जनगणनेच्या आकड्यांवरून मांडले. नंतरच्या एका अभ्यासात हे प्रमाण ६३ टक्के आले, तरी निष्कर्ष बदलला नाही. २००६ मध्ये एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे शोध-शब्द नावांऐवजी क्रमांक देऊन प्रसिद्ध केले, तेव्हा काही दिवसांतच पत्रकार त्यांतील एका व्यक्तीच्या दारापर्यंत पोहोचले. १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या ठावठिकाण्याचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्थळ आणि वेळ यांच्या अवघ्या चार नोंदी ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळे काढायला पुरेशा ठरल्या. माणसाचा दिनक्रमच त्याची ओळख बनतो आणि दिनक्रम काही नावासारखा खोडता येत नाही. भारतात हे काम मोबाइल क्रमांक आणखी सोपे करतो. बँक, गॅसची नोंदणी, औषधांचे दुकान, कपड्यांचे दुकान अशा सगळीकडे तोच एक क्रमांक दिला जातो आणि विखुरलेल्या नोंदी त्याच्या आधारे जुळवता येतात. ग्राहकाने क्रमांक दिलाच पाहिजे असा आग्रह दुकानदारांनी धरू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याला मे २०२३ मध्ये द्यावी लागली, ती याच सवयीमुळे.

संमतीच्या मर्यादा : आजची बहुतेक व्यवस्था ‘मला मान्य आहे’ या बटणावर उभी आहे. वापरात येणाऱ्या संकेतस्थळांची खासगीपणाविषयीची धोरणे खरोखर वाचायची ठरवली तर एका माणसाचे वर्षाला सुमारे २०० तास खर्च होतील, असा अंदाज अमेरिकेतील दोन संशोधकांनी २००८ मध्येच मांडला होता. वाचल्यानंतरही अटींवर घासाघीस करता येत नाही. सेवा घ्या किंवा सोडा, एवढाच पर्याय उरतो. शिवाय एकाची संमती दुसऱ्याला उघडे पाडते. केंब्रिज अॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात फेसबुकवरील प्रश्नावलीचे अॅप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी वापरले; पण त्यांच्या मित्रयाद्यांतून जास्तीत जास्त ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली असावी, असे फेसबुकनेच २०१८ मध्ये सांगितले. यांतल्या बहुतेकांनी काहीही मान्य केलेले नव्हते. लोक स्वतःच माहिती उधळतात, मग तक्रार कसली, हा आक्षेप इथे टिकत नाही.

रचनेने साधलेले संरक्षण : व्हॉट्सअॅपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संदेशांना दोन्ही टोकांपर्यंतचे एन्क्रिप्शन लागू केले. संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो; मधली कंपनीही तो वाचू शकत नाही. कोट्यवधी लोकांना हे संरक्षण मिळाले, आणि त्यासाठी त्यांना काही शिकावे किंवा निवडावे लागले नाही. अॅपलने २०२१ मध्ये आयफोनवर नियम केला, की इतर कंपन्यांच्या अॅपांवर व संकेतस्थळांवर वापरकर्त्याचा माग काढायचा असेल तर आधी त्याला विचारावे लागेल. प्रश्न एका ओळीचा होता आणि नकार दिला तरी सेवा बंद होत नव्हती. या बदलामुळे २०२२ मधील उत्पन्नाला सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज फेसबुकच्या मातृकंपनीने जाहीर केला. विचारण्याची पद्धत बदलताच संमतीला अर्थ आला. या संरक्षणालाही सीमा आहेत. एन्क्रिप्शन मजकूर झाकते; कोण कोणाशी आणि केव्हा बोलले, हे कंपनीला कळू शकते. फोनच ताब्यात घेणाऱ्या पेगाससारख्या हेरसॉफ्टवेअरपुढे तर ते निष्प्रभ ठरते. तरीही पेगाससारखी साधने महाग असतात आणि निवडक लोकांवर वापरली जातात. सर्वांवर एकाच वेळी पाळत ठेवणे अवघड होते, हेच एन्क्रिप्शनचे मोठे यश आहे.

भारतातील कायदा : सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यावर मर्यादा घालायची असेल तर कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता हवी. हा निर्णय कागदावरच राहिला नाही. सप्टेंबर २०१८ मधील आधारविषयक निकालात योजना कायम राहिली, पण खासगी कंपन्यांना आधार-पडताळणीची मुभा देणारा कलम ५७ चा भाग रद्द झाला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती मागे घेण्याचा हक्क दिला, मुलांचा माग काढून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आणि २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद केली. मात्र केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचनेद्वारे या कायद्यातून वगळू शकते, आणि देखरेख करणाऱ्या मंडळावरील नेमणुकाही सरकारच करते. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलमही बदलले. सार्वजनिक कामाशी संबंधित माहिती खासगी म्हणून नाकारण्यास त्या कलमात जो अटकाव होता, तो गेला. केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच स्वतःचा माहिती अधिकार कायदा असलेल्या महाराष्ट्रात या बदलाची चिंता रास्त आहे. खासगीपणा हे नागरिकाचे संरक्षण आहे. तो सत्तेचा आडोसा झाला तर हक्काचा हेतूच उलटतो.

आक्षेप : लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची, असे विचारले जाते. पण माहिती ज्याच्या हाती असते त्याला दुसऱ्याचे कर्ज, नोकरी, विम्याचा हप्ता आणि मत यांवर प्रभाव टाकता येतो. त्यासाठी माणसाने गुन्हा केलेला असावा लागत नाही. दुसरा आक्षेप असा, की मोफत सेवांची किंमत माहितीनेच चुकवावी लागते. नेदरलँड्समधील सार्वजनिक प्रसारण व्यवस्थेने २०२० मध्ये माग काढणाऱ्या जाहिराती सोडून समोरच्या मजकुराशी जुळणाऱ्या जाहिराती स्वीकारल्या, तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत तिचे जाहिरात-उत्पन्न उलट वाढले. जाहिरातींना पाळतीवाचून पर्याय नाही, हे यातून खोटे ठरते. गुन्हेतपासाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. ठरावीक संशयितावर कायद्याच्या चौकटीत पाळत ठेवण्यास खासगीपणाचा हक्क आड येत नाही. १९९६ मध्ये फोन टॅपिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी मार्गदर्शक नियमही घालून दिले. परंतु पोलिसांसाठी एन्क्रिप्शनमध्ये चोरवाट ठेवली तर ती चोरांनाही सापडते. २०२४ मध्ये चीनशी संबंधित हॅकर अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत शिरले आणि कायदेशीर टॅपिंगसाठी ठेवलेली यंत्रणाही त्यांच्या आवाक्यात आल्याचे समोर आले. त्यानंतर तिथल्या सरकारी सुरक्षा संस्थेनेच महत्त्वाच्या पदांवरील लोकांना एन्क्रिप्टेड संदेशसेवा वापरण्याचा सल्ला दिला.

मूल्यमापन : वरील पुराव्यांवरून दिसते, की माहिती एकदा गोळा झाली की तिला नंतर निनावी करणे भरवशाचे नसते, आणि न वाचलेली संमती तिचे रक्षण करत नाही. म्हणून निर्णायक प्रश्न माहिती गोळा करण्याच्या क्षणाचा आहे : ती घेण्याची गरज आहे का, काम झाल्यावर ती पुसली जाते का, आणि नियम मोडणाऱ्याला जबाबदार धरणारी स्वतंत्र यंत्रणा आहे का. पूर्ण खासगीपणा आंतरजालापूर्वीही कोणाला लाभला नव्हता. पुरेसा खासगीपणा आजही शक्य आहे. मात्र शुद्ध पाणी जसे प्रत्येकाने घरी गाळून पुरत नाही, त्यासाठी सार्वजनिक व्यवस्था लागते, तसाच तो सामूहिकपणे मिळवावा लागतो. तो संपला असे मानणे म्हणजे ही व्यवस्था मागण्याचा हक्कच सोडून देणे होय.