ओंडक्याला चोप

चीनच्या झेजियांग प्रांतात, छिंगयुआनच्या डोंगराळ मुलखात, वू सानगोंग नावाच्या एका डोंगरी माणसाचं देऊळ आहे. त्याचा जन्म 1130 चा, असं परंपरा सांगते. पडलेल्या झाडावर कुऱ्हाडीचे घाव बसतात तिथेच सुवासिक अळंबी उगवते, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो मुद्दाम खाचा पाडू लागला. एका ओंडक्यावर मात्र काही केल्या काही उगवेना. वैतागून त्यानं ओंडका चांगला बडवून काढला. थोड्याच दिवसांत तो अळंबीनं भरून गेला म्हणे!

गोष्ट दंतकथेतली, पण रीत खरी. वांग झेनच्या 1313 च्या शेतीग्रंथात ती नोंदलेली आहे. झाड पाडून खाचा पाडायच्या, पाला-मातीनं झाकायचं, तांदळाच्या धुवणाचं पाणी शिंपायचं आणि मग दांडक्यानं ठोकायचं. या ठोकण्याला तिथे ‘अळंबीला दचकवणं’ म्हणत. बुरशीचे धागे लाकूड खात आत सुखानं पसरलेले असतात. धक्का, गारठा, ओल असा काही बदल झाला की त्यांना फळं धरतात. आपण जी खातो, ती ही फळं.

हीच अळंबी जपानमध्ये शिताके. ‘शिई’ हे झाड, ‘ताके’ म्हणजे अळंबी. जपानी शेतकरीही ओंडक्यांना कोयत्यानं खाचा पाडत आणि वाट बघत. बीज वाऱ्यानं येणार, आणि ते आलं की नाही हे कळायला एक-दोन वर्षं जाणार. तोवर लाकडासाठी काढलेलं कर्ज डोक्यावर. ओइता भागात एक शेतकरी ओंडक्यांपुढे हात जोडून ‘उगव बाई, नाहीतर गाव सोडावं लागेल’ अशा अर्थाची विनवणी करताना किसाकु मोरी या तरुण विद्यार्थ्यानं पाहिला. ते दृश्य त्याच्या मनातून जाईना. 1942 मध्ये त्यानं तोडगा काढला: लाकडाच्या बोटभर खुंट्यांवर शुद्ध बुरशी वाढवायची आणि ओंडक्याला भोकं पाडून त्या आत ठोकायच्या. वाऱ्याची मिनतवारी संपली. आज परसात शिताके लावणारे अशाच खुंट्या हातोडीनं ठोकतात. वरून मेण लावतात, म्हणजे ओल टिकते आणि परकी बुरशी शिरत नाही.

आपल्या घरांत आलेल्या धिंगरी अळंबीची वाट निराळी. नाव हिमालयाकडचं, शिंपल्यासारखी दिसते म्हणून इंग्रजीत ऑयस्टर. जर्मनीत रिचर्ड फाल्क यांनी 1917 च्या सुमारास ती झाडांच्या खुंटांवर वाढवली. भारतात मात्र ओंडका सुटला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी 1962 मध्ये ती भाताच्या पेंढ्यावर काढून दाखवली. जो पेंढा गुरांपुढे टाकायचा किंवा शेतातच जाळायचा, त्याचं कालवण झालं!

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा संशोधन प्रकल्प आहे. तिथली भाषा ‘स्पॉन’ऐवजी ‘बियाणं’ अशी. पेंढ्याचे बोटभर तुकडे रात्रभर भिजवायचे, 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे, निथळायचे. मूठभर पेंढा घट्ट दाबला तर पाणी गळू नये, पण हात ओला व्हावा. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा थर, त्यावर गव्हाच्या दाण्यांवर वाढलेलं बियाणं, पुन्हा थर. अंधारात पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढरीफटक होते आणि आतला पेंढा कापसाच्या गादीसारखा एकजीव.

इथे दांडकं लागत नाही. ब्लेडनं प्लॅस्टिक कापून काढलं, उजेड-वारा लागला, पाण्याचा फवारा मारला, की आठवडाभरात टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसू लागतात. चोप तोच, फक्त सौम्य.

विजा कडाडल्या की रानात अळंबी उगवते, असं आपल्याकडे म्हणतात, जपानमध्येही. तिथल्या इवाते विद्यापीठात शिताकेच्या ओंडक्यांना विजेचे जोरदार झटके देऊन पाहिले, तर उत्पादन खरोखरच वाढलं.

गोव्यातली पावसाळ्यातली अळमी मात्र कुणाला बधलेली नाही. ती वारुळावर येते, कारण तिची लागवड वाळवी करते: चावलेल्या पाल्या-लाकडाची बाग जमिनीखाली रचून. माणसानं ती नुसती शोधायची आणि पानात बांधून विकायची.