नर्मदेची वीज आणि सातपुड्याचा वाटा

धुळ्याहून दोंडाईचामार्गे शहाद्याकडे जाताना सारंगखेड्याला तापी ओलांडली की उत्तरेला सातपुड्याची निळसर भिंत समोर उभी राहते. शहाद्याच्या आसपास ऊस, केळी आणि पपईची हिरवी बागायत दिसते. पुढे धडगावचा घाट लागतो आणि चित्र पालटते. डोंगरउतारावर मका व ज्वारीचे लहान लहान तुकडे, सागाची विरळ झाडे आणि एकमेकांपासून दूर वसलेली कुडाची घरे दिसू लागतात. धडगावच्याही पलीकडे डोंगर एकाएकी खाली उतरतो आणि त्याच्या पायथ्याशी नर्मदा भेटते. खानदेशाच्या या उत्तर टोकाला नदीच आपली सीमा आहे. पलीकडच्या काठावर मध्यप्रदेश, आणि थोडे खाली गेल्यावर गुजरात.

तीन राज्यांनी एका नदीची वीज कशी वाटून घ्यावी, हा प्रश्न या डोंगरात पन्नास वर्षांहून अधिक काळ गाजत राहिला. त्याचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत. आपल्या घरातला दिवा कोणाच्या शेतावरून आला, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

१ मे १९६० पूर्वी गुजरात आणि खानदेश ही दोन्ही मुंबई राज्याचीच अंगे होती. भडोच जिल्ह्यात नवागाम येथे नर्मदेवर धरण बांधण्याचा विचार त्या काळातच सुरू झाला होता. राज्याची विभागणी झाली आणि काल एका घरात असलेले भाऊ शेजारी झाले. त्या विभागणीतही पाण्याचा हिशेब होता. तापीवरील उकाई धरणाच्या कामासाठी पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील दीडशेहून अधिक गावे गुजरातेस जोडण्यात आली. पश्चिम खानदेशास पुढे धुळे जिल्हा आणि पूर्व खानदेशास जळगाव जिल्हा अशी नावे मिळाली. आज ज्यास आपण नंदुरबार जिल्हा म्हणतो तो १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा निघाला. म्हणून ज्या काळाची ही हकिकत आहे, त्या काळात नर्मदाकाठ धुळे जिल्ह्याचाच होता.

५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते नवागामच्या धरणाची कोनशिला बसली. धरण किती उंच असावे यावर मात्र एकमत नव्हते. गुजरातेस कच्छ-सौराष्ट्रापर्यंत पाणी न्यायचे होते, म्हणून त्यास उंच धरण हवे होते. धरण जितके उंच, तितकी वरच्या राज्यांची जमीन अधिक बुडणार हे उघड होते. १९६४ साली केंद्र सरकारने डॉ. खोसला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने दुसऱ्या वर्षी ५०० फूट जलपातळी सुचविली. मध्यप्रदेशास व महाराष्ट्रास ती मान्य झाली नाही. १९६५ सालीच या दोन राज्यांनी आपसांत करार केला, की सीमेवर जलसिंधी येथे दोघांनी मिळून धरण बांधावे आणि वीज वाटून घ्यावी. शेजाऱ्यांनी एकत्र येऊन नदीची वीज काढावी, ही कल्पना आमच्या सातपुड्यात अशी कागदावर आली. परंतु खाली नवागामला उंच भिंत झाली तर जलसिंधीची जागाच पाण्याखाली जाणार होती. एकाच पाण्यावर दोन योजना उभ्या राहणे शक्य नव्हते.

अखेर ६ ऑक्टोबर १९६९ रोजी न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली नर्मदा जलविवाद लवाद नेमला गेला. दहा वर्षे काम चालले आणि डिसेंबर १९७९ मध्ये अंतिम निवाडा आला. जलपातळी ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर ठरली. नदीचे उपलब्ध पाणी २ कोटी ८० लाख एकर-फूट धरण्यात आले. त्यातील १ कोटी ८२.५ लाख मध्यप्रदेशास, ९० लाख गुजरातेस, ५ लाख राजस्थानास आणि अवघे अडीच लाख महाराष्ट्रास मिळाले. पाण्याच्या या वाटणीत महाराष्ट्राचा भाग शेकडा एकाहूनही कमी होता. त्याची खरी मिळकत विजेत होती. मध्यप्रदेश ५७ टक्के, महाराष्ट्र २७ टक्के आणि गुजरात १६ टक्के अशी विजेची वाटणी झाली. धरण गुजरातच्या भूमीवर असूनही विजेचा सर्वांत लहान वाटा गुजरातेचा ठरला. वीज ज्या प्रमाणात घ्यायची, त्याच प्रमाणात वीजघरांचा खर्चही सोसायचा, असाही दंडक होता. शेजाऱ्यांच्या व्यवहारात इतका स्वच्छ हिशेब क्वचितच आढळतो.

ही वीज दोन ठिकाणी तयार होते. धरणाखाली नदीपात्रातील वीजघरात २०० मेगावॅटचे ६ संच आहेत. मुख्य कालव्याच्या तोंडाशी ५० मेगावॅटचे ५ संच आहेत. एकूण क्षमता १,४५० मेगावॅट, आणि तिच्या २७ टक्के म्हणजे ३९१.५ मेगावॅट महाराष्ट्राच्या वाट्याची. कालव्याकडील संच २००४ साली आणि नदीपात्रातील संच २००५-०६ मध्ये चालू झाले. यात एक मेख आहे. जे पाणी कालव्यात वळविले ते नदीपात्रातील यंत्रावर पडत नाही. वरच्या अंगाला मध्यप्रदेश आपल्या हक्काचे पाणी जसजसे अधिक वापरील, तसतशी खाली येणारी धार बारीक होईल आणि वीजही घटेल. म्हणजे २७ हा आकडा कायम राहिला तरी तो ज्याचा भाग आहे ती रास कायम राहणारी नाही. २०१९ साली धरण काठोकाठ भरावे की वीज काढावी, यावरून गुजरात व मध्यप्रदेश यांच्यात वादही झाला.

येथपर्यंतचा इतिहास राज्यांचा झाला. आता माणसांकडे वळू.

सरदार सरोवराच्या बुडिताखाली तिन्ही राज्यांतील २४५ गावे येत होती. त्यांपैकी ३३ गावे आपल्या अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील, भिल्ल आणि पावरा आदिवासींची. लवादाने त्यांचा विसर पडू दिला नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ज्याची चतुर्थांशाहून अधिक जमीन जाईल त्यास किमान २ हेक्टर ओलिताची जमीन द्यावी, सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब मानावा, बुडिताच्या किमान एक वर्ष आधी जमीन ताब्यात द्यावी आणि पुनर्वसनाची व्यवस्था झाल्यावाचून कोणाचेही गाव बुडवू नये, अशी त्या निवाड्याची आज्ञा होती. जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व त्या काळी आपल्या देशात नवेच होते. ज्या निवाड्यात २७ टक्के लिहिले गेले, त्याच निवाड्यात हेही लिहिले गेले. दोन्ही कलमांचे वजन सारखेच होते.

प्रत्यक्षात मात्र एक कलम धावत गेले आणि दुसरे लंगडत राहिले. सातपुड्यातील कित्येक कुटुंबे पिढ्यानपिढ्या जंगलातील जमीन कसत होती. तिकडे तिला नेवाड म्हणतात. तिचा सातबारा त्यांच्या नावे नव्हता. कागदाच्या दृष्टीने ती कुटुंबे भूमिहीन होती, आणि भूमिहीनास जमिनीच्या बदल्यात जमीन कोठून मिळणार? गुजरातने १९८७ साली अशा कुटुंबांनाही २ हेक्टर देण्याचे मान्य केले. महाराष्ट्राचा हात त्याहून आखडता राहिला. विस्थापितांसाठी पुढे तळोदे तालुक्यातील वनजमीन मोकळी करण्यात आली आणि सोमावल, रोजवा यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. काही कुटुंबे गुजरातेत गेली.

मणिबेली हे धरणापासून महाराष्ट्रातील पहिले गाव. शूलपाणेश्वराचे प्राचीन देवालय तेथेच होते. ते देवालयही पाण्याखाली गेले. १९९१ च्या पावसाळ्यापासून मणिबेलीत सत्याग्रह सुरू झाला. मेधा पाटकर आणि नर्मदा बचाओ आंदोलन यांचे नाव त्यामुळे जगभर पोहोचले. जागतिक बँकेने १९८५ साली या प्रकल्पास ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने जून १९९२ मध्ये पुनर्वसनातील उणिवांवर बोट ठेवले आणि मार्च १९९३ मध्ये उरलेल्या कर्जावर पाणी सोडण्यात आले. १९९४ साली जगातील अनेक संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध एक जाहीरनामा काढला, त्यास त्यांनी नाव दिले ते मणिबेलीचे. अक्कलकुवा तालुक्यातील एका पाड्याचे नाव असे वॉशिंग्टनच्या दारात जाऊन उभे राहिले.

१८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने धरणास अनुमती दिली. उंची टप्प्याटप्प्याने वाढवावी आणि प्रत्येक टप्प्यास पुनर्वसनाची जोड असावी, अशी अट घातली. न्यायमूर्ती भरुचा यांचे मत वेगळे पडले. १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात पाणी प्रथमच १३८.६८ मीटरला टेकले. धरणामुळे गुजरातच्या तहानलेल्या भागास पाणी मिळाले, हे नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. परंतु वीजघरे सुरू झाली तेव्हा सातपुड्यातील अनेक पाड्यांवर विजेचा खांबही पोहोचला नव्हता, हेही तितकेच खरे आहे. जलाशयाच्या काठी उरलेल्या वस्त्यांना आज दवाखानासुद्धा बोटीतून येतो.

असे आपल्याकडेच घडले असे नाही. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला सेनेगाल नावाची नदी आहे. १९७२ साली माली, मॉरिटानिया आणि सेनेगाल या तीन देशांनी तिच्या विकासासाठी एक संयुक्त संघटना स्थापिली. मालीतील मनांताली येथे १९८८ साली धरण पुरे झाले आणि २००१-०२ मध्ये २०० मेगावॅटच्या वीजघरातून तिन्ही देशांना वीज मिळू लागली. तेथील वाटणी ऐकून आम्ही चकित झालो. माली ५२ टक्के, सेनेगाल ३३ टक्के, मॉरिटानिया १५ टक्के. आमच्या ५७, २७ आणि १६ ची जणू ती धाकटी बहीणच. एका बाबतीत ते देश आपल्याहून पुढे गेले. भिंत मालीच्या भूमीवर असली तरी १९७८ च्या करारानुसार ती तिघांच्या सामाईक मालकीची आहे. आपल्याकडे धरण गुजरातचे आहे आणि देखरेखीस नर्मदा नियंत्रण प्राधिकरण आहे.

परंतु मनांतालीतही दहा हजारांच्या आसपास लोकांना गाव सोडावे लागले. खालच्या खोऱ्यातील शेतकरी पूर ओसरल्यावर ओल्या मातीत ज्वारी पेरीत, आमच्या तापीकाठी जमिनीच्या ओलीवर दादर पिकवितात तशी. धरणाने पूर आवरला आणि ती ओल गेली. मग शेतीसाठी मुद्दाम पाणी सोडावे की विजेसाठी राखावे, हा तंटा तेथेही उभा राहिला. तीन सार्वभौम राष्ट्रांनी शतांशापर्यंत वाटे पाडले, पण त्या शंभरात नदीकाठच्या शेतकऱ्याचा एकही अंश नव्हता.

आम्हांस या दोन्ही इतिहासांचे सार येथे दिसते. वाटणीला बसणारे भागीदार राज्ये असतात, आणि राज्ये आपले मोजमाप मेगावॅटमध्ये करतात. जमीन देणारा मात्र भागीदार मानला जात नाही. तो खर्चाच्या रकान्यात लिहिला जातो. भागीदारास दरवर्षी वाटा मिळतो, खर्च एकदाच चुकता होतो आणि पुढे विसरला जातो. उद्या कोणी विचारील, यावर उपाय काय? उपाय त्या निवाड्यातच आहे. ज्या शिस्तीने विजेचे युनिट मोजले जाते, त्याच शिस्तीने पुनर्वसन मोजावे. आणि ज्या डोंगराने वीज दिली त्या डोंगरास विजेच्या उत्पन्नाचा एक नेमका, कायमचा वाटा मिळावा. तो त्याच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी आणि रस्त्यासाठी खर्ची पडावा.

हा विचार आज मांडण्यास कारण आहे. निवाड्यातील पाणीवाटपाचा ४५ वर्षांनंतर फेरविचार करता येईल, अशी तरतूद लवादाने करून ठेवली होती. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पुरी झाली. राज्ये पुन्हा समोरासमोर बसतील तेव्हा जुन्या आकड्यांची घासाघीस होईल. त्या बैठकीत ३३ गावांचा शब्द कोण मांडील?

रावेर-यावलच्या केळीबागेत रात्री विहिरीवरचा पंप सुरू होतो, जळगावच्या घरात मुले दिव्याखाली अभ्यासास बसतात. तारेतून येणाऱ्या विजेवर कोठलेही नाव लिहिलेले नसते. कोळशाची आणि पाण्याची वीज तेथे एकच होते. म्हणूनच ते नाव आपण लक्षात ठेवावयाचे असते. खानदेशातील सपाटीच्या लोकांना सातपुडा रोज दिसतो. त्याच्या पलीकडच्या उतारावर ज्यांची घरे होती, त्यांचे देणे अद्याप पुरते फिटलेले नाही, एवढे जरी आपण आपल्या मुलांना सांगितले तरी फेरविचाराच्या त्या बैठकीत एक साक्षीदार वाढेल.