मुखपृष्ठाचा फोटो आणि विनोबांचं मासिक

फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या वर्ध्यात झालं. तेव्हापासून पाहतोय, जिल्ह्यातले लिहिणारे फेसबुक-व्हॉट्सॲपवर जोरात आहेत. चांगलंच आहे. पण टाकतात काय? मुखपृष्ठाचा फोटो, प्रकाशनाचा फोटो, शाल-श्रीफळाचा फोटो. खाली ‘अभिनंदन सर’ची रांग. पुस्तकातलं पान मात्र एकही नाही!

वाचकापर्यंत स्वतः पोचायची धडपड वर्ध्याला नवी नाही बरं. विनोबा भावे ८ एप्रिल १९२१ ला इथे आले आणि १९२३ मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र धर्म’ हे मासिक काढलं. वय तिशीच्या आत, भूदान अजून कुठल्या कुठे. पुण्या-मुंबईचा कोणी संपादक छापेल म्हणून ते थांबले नाहीत. उपनिषदांवरचं लिखाण त्यात आलं, तुकोबांच्या अभंगांवरचंही. आजच्या भाषेत स्वतःचा ब्लॉगच की! पण वाचकाच्या हातात पडत होतं ते लेखन. लेखकाच्या सत्काराची बातमी नव्हे.

विनोबा प्रसिद्धीपासून चार हात दूर होते, असं आपण भाबडेपणाने म्हणतो. मला ते पूर्ण पटत नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली गीतेवरची प्रवचनं साने गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. पुढे १९५१ पासून भूदानाची पदयात्रा सुरू झाली, तेव्हा मुक्कामाच्या गावी हे पुस्तक विकलं जायचं आणि घेणाऱ्याला विनोबा सही करून द्यायचे. ही प्रसिद्धी नाही तर काय? त्यात वावगं काहीच नाही. खेड्यात पुस्तकाचं दुकान नव्हतं, आजही बहुतेक ठिकाणी नाही. लेखकानेच पोचवावं लागतं.

‘आधीच सगळं टाकलं तर पुस्तक विकत कोण घेईल?’ असं बरेच जण विचारतात. ‘महाराष्ट्र धर्म’ पुढे साप्ताहिक झालं आणि तीनेक वर्षांत थांबलं. त्यातले निबंध लोकांनी वाचलेलेच होते. तरी त्यांचं ‘मधुकर’ हे पुस्तक निघालं आणि त्याच्या आवृत्त्या होत राहिल्या.

तुमचं पुस्तक आलं असेल तर त्यातलं एक पान खाली टाका. मुखपृष्ठ नको. मी वाचतो.