भिंगाच्या गणिताकडे येताना

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाची शक्ती शस्त्रक्रियेआधीच ठरवावी लागते. ती किती अचूक ठरवता येते, हा या शाखेचा विषय.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. शस्त्रक्रिया साधली, पण त्या रुग्ण स्त्रीला उणे १८ च्या घरातला नंबर लागला. भिंग बसवण्याचे कौशल्य आले होते. त्याची शक्ती ठरवण्याचे शास्त्र यायचे होते. १९६७ मध्ये नेत्रशल्यचिकित्सक फ्योदोरोव यांनी प्रकाशशास्त्रावर आधारलेले सूत्र मांडले. १९८० मध्ये सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांचे एसआरके सूत्र आले: भिंगाच्या स्थिरांकातून डोळ्याच्या लांबीची अडीच पट आणि पारपटलाच्या शक्तीची ०.९ पट वजा करायची. स्थिरांक ११८.४, लांबी २३.५ मिलिमीटर, पारपटल ४४ डायऑप्टर धरले, तर उत्तर २० च्या आसपास येते. सर्वसाधारण डोळ्याला हे चालून जाते. फार आखूड किंवा फार लांब डोळ्यात हे सरळ रेषेचे सूत्र फसते.

खरी अडचण सूत्राच्या पलीकडची आहे. नवे भिंग डोळ्यात नेमके किती खोल स्थिरावेल, हे आधी मोजता येत नाही, त्याचा अंदाजच बांधावा लागतो. हॉफर क्यू, हॉलाडे, हायगिस, बॅरेट, केन ही सूत्रे एकमेकांपासून वेगळी पडतात ती मुख्यतः या अंदाजाच्या रीतीत. म्हणून कोणतेही सूत्र शिकताना ते भिंगाची जागा कशावरून ओळखते, हे आधी विचारावे. नुसती सूत्रांची क्रमवारी पाठ करण्याला माझ्या मते फारसा अर्थ नाही. सरासरी लांबीच्या डोळ्यांत नव्या सूत्रांमधला फरक थोडाच असतो.

मोजणीचे महत्त्व मात्र कधीच कमी होत नाही. लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली, तर सरासरी डोळ्यात नंबर अडीच ते तीन डायऑप्टरने चुकतो. १९९९ पासून प्रकाशाने लांबी मोजणारी यंत्रे मिळू लागली आणि ही चूक पुष्कळ घटली. पण मोतीबिंदू पूर्ण पिकलेला असेल, तर प्रकाश आरपार जात नाही आणि ध्वनिलहरींनी लांबी मोजणारा ए-स्कॅनच करावा लागतो. आपल्या ग्रामीण भागातल्या शिबिरांत असे डोळे आजही येतात. ए-स्कॅनची कांडी पारपटलावर जरा जरी दाबली गेली, तरी डोळा आखूड मोजला जातो, भिंग जास्त शक्तीचे निवडले जाते आणि रुग्णाला उणे नंबर राहतो. तो दोष कोणतेही सूत्र दुरुस्त करू शकत नाही.

शिकणाऱ्यांना एकच आग्रहाची विनंती. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी प्रत्येक रुग्णाचा नंबर तपासा, तो आधीच्या अंदाजाशेजारी लिहून ठेवा आणि पुरेशा नोंदी जमल्या की आपल्या भिंगाचा स्थिरांक त्यांवरून सुधारून घ्या.