भटके गरुड : मिलानच्या बालवीरांच्या चोरट्या सहली

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या पायाचा दगड, घंटा, सण आणि होऊन गेलेले धर्मगुरू यांच्या हकीकती यावयाच्या, हें रीतीस धरूनच आहे. आम्हीं मात्र येथें दूरच्या एका धर्मप्रांतांतील कांहीं मुलांच्या डोंगरसहलींचा वृत्तांत सांगण्याचें योजिलें आहे. बालवीरांची सहल म्हटली कीं आपल्या वडीलधाऱ्यांच्या मुखावर किंचित् हसूं उमटतें. तंबू, शेकोटी, अर्धाकच्चा भात, आणि चिखलांत लोळून घरीं परतलेलीं पोरें! पण हाच पोरखेळ इटलींत एका राजसत्तेस असा खुपला कीं तिनें त्याविरुद्ध कायदा केला; आणि मूठभर मुलांनीं तो जवळजवळ सतरा वर्षें लपूनछपून चालूच ठेविला. वाचकांनीं ही हकीकत ऐकून मग हवें तर हसावें.

बालवीर चळवळीचा जन्म सर्वांस ठाऊक आहे. बेडन-पॉवेलसाहेब मीरत येथें पलटणींत असतां त्यांनीं लहान लहान टोळ्या करून शिपायांस टेहळणी शिकविली होती. पुढें ऑगस्ट १९०७ मध्यें ब्राउनसी नांवाच्या बेटावर वीसएक मुलें घेऊन त्यांनीं पहिलें शिबिर भरविलें. इटलींतील कॅथलिक बालवीरांची संस्था १९१६ सालीं काउंट मारिओ दि कार्पेन्या यांनीं स्थापिली. धर्मग्रामाच्या आवारांत पथक, आणि पथकास एक धर्मगुरू, अशी ती व्यवस्था होती. आपल्याकडील पथकांच्या रचनेशीं ती पुष्कळच जुळते.

मुसोलिनीचा फॅसिस्ट पक्ष १९२२ सालीं अधिकारारूढ झाला. मुलें ही राष्ट्राची, म्हणजे पक्षाची मालमत्ता, असें त्या पक्षाचें मत होतें. आणि देवळाच्या आवारांत शीळ घालीत फिरणारीं हीं पथकें त्याच्या डोळ्यांत सलूं लागलीं. फेरारा प्रांतांतील आर्जेंता या गांवचे धर्मगुरू फादर जोव्हान्नी मिन्झोनी हे पहिल्या महायुद्धांत सैन्याचे धर्मगुरू होते, आणि शौर्याबद्दल त्यांस रौप्यपदकही मिळालें होतें. त्यांनीं आपल्या धर्मग्रामांत बालवीर पथक सुरू केलें आणि धमक्या आल्या तरी तें मोडलें नाहीं. २३ ऑगस्ट १९२३ च्या रात्रीं देवळाच्या घराकडे परत येत असतां पक्षाच्या मारेकऱ्यांनीं त्यांस गांठलें आणि काठीच्या घावांनीं त्यांचें डोकें फोडलें. त्याच रात्रीं त्यांचें देहावसान झालें. एका धर्मगुरूचा जीव घेण्याइतकें बालवीर पथकांत काय होतें, हा प्रश्न आमच्या मनांत वारंवार येतो.

पुढील पायऱ्या कायद्याच्या होत्या. १९२६ सालीं बालिल्ला नांवाची सरकारी मुलांची संघटना निघाली. जानेवारी १९२७ मध्यें वीस हजारांहून कमी वस्तीच्या गांवांतील पथकें बंद करण्याचा हुकूम झाला, आणि एप्रिल १९२८ मध्यें उरलींसुरलींही पथकें मोडण्यांत आलीं. तेव्हां अकरावे पायस हे पोप होते. हे स्वतः लोम्बार्डीचे, मिलानच्या शेजारच्या देसिओ गांवचे. तरुणपणीं ते नामांकित गिर्यारोहक होते, आणि १८८९ सालीं त्यांनीं मोंते रोझा हें प्रचंड शिखर त्याच्या बिकट पूर्व बाजूनें सर केलें होतें. ज्यांनीं १९२३ सालीं संत बर्नार्ड यांस गिर्यारोहकांचे आश्रयदाते ठरविलें, त्याच पोप महाराजांवर डोंगरांत फिरणाऱ्या मुलांचीं पथकें विसर्जित करण्याची पाळी आली! सरकारच्या हातून मोडलीं जाण्यापेक्षां आपल्याच हातानें मिटलेलीं बरीं, असा त्यांचा विचार होता.

मिलानमधील पथकांनीं आपले ध्वज आर्चबिशपांच्या स्वाधीन केले. परंतु जुलिओ चेझारे उच्चेल्लिनी नांवाच्या तरुण पथकनायकानें त्याच सुमारास एका मुलाकडून गुपचूप बालवीराचें वचन घेवविलें, आणि पथक संपलें नाहीं असें आपल्या मुलांस सांगितलें. मुलें त्यास केली या टोपणनांवानें ओळखीत. मिलानच्या या टोळीस जवळच्या मोंझा शहरांतील मुलेंही येऊन मिळालीं. त्यांनीं स्वतःस नांव घेतलें ‘भटके गरुड’. आणि फॅसिस्ट सत्तेपेक्षां एक दिवस तरी अधिक टिकावयाचें, असा त्यांनीं निश्चय केला.

मग या मुलांनीं धर्मसत्तेची आज्ञा मोडली काय? आमच्या कांहीं वाचकांस ही शंका येईल, आणि ती वाजवी आहे. आमच्या मतें संस्था विसर्जित झाली तरी वचनांतून त्यांस कोणीं मुक्त केलें नव्हतें. तें वचन त्यांनीं एखाद्या कचेरीस दिलें नसून देवास दिलें होतें. तसेंच त्यांच्यामागें धर्मगुरू उभे होते, हेंही ध्यानांत ठेवावें. त्यांच्यांतीलच एक मुलगा, आंद्रेआ गेत्ती, पुढें धर्मगुरू झाला.

आतां सहलींकडे वळूं. गरुडांस सभागृह नव्हतें; आज येथें तर उद्यां तेथें, कधीं एखाद्या देवळाच्या तळघरांत, त्यांच्या बैठका होत, आणि निरोप सांकेतिक लिपींत जात. परंतु शहरांत बसून बालवीर होतां येत नाहीं. म्हणून सुट्टी मिळाली कीं साधे कपडे घालून, गणवेष पिशवीच्या तळाशीं दडपून, ते डोंगराची वाट धरीत. उन्हाळ्यांतील मोठें शिबिर एकही वर्ष चुकूं द्यावयाचें नाहीं, असा त्यांचा नेम होता. १९३० नंतरच्या दशकांत त्यांस त्यांचें आवडतें स्थान सांपडलें, तें कोदेराचें खोरें.

कोमो सरोवराच्या उत्तरेस, डोंगराच्या पायथ्याशीं, नोवाते मेत्सोला नांवाचें गांव आहे. तेथपर्यंत आगगाडी जाते. पुढें कोदेरा गांव सुमारें ८२५ मीटर उंचीवर असून तेथें जावयास गाडीरस्ता नाहीं. त्या वेळीं नव्हता आणि आजही नाहीं. ग्रॅनाइटच्या कड्यांतून दगडी पायऱ्यांची एक वाट चेस्टनटच्या झाडींतून वर चढते. ज्या वाचकानें नाणेघाट पायीं चढला आहे, त्यास त्या वाटेची थोडी कल्पना येईल. मात्र येथें खाली खोल दरी आणि वर हिमाचीं शिखरें आहेत. पाठीवर तंबू, भांडीं आणि आठवड्याची शिधासामुग्री घेऊन मुलांनीं ती चढण सुमारें दोन तासांत चढावी. एवढ्या चढणीवर कोणी पोलीस उगाच येणार नाहीं, हाच त्या खोऱ्याचा मोठा गुण! वर पोंचल्यावर गणवेष बाहेर निघे, ध्वज चढे आणि रात्रीं शेकोटी पेटे. तेथें पायवाट ओळखणें, अंधारांत आवाज न करितां चालणें, नकाशा वाचणें, जखम बांधणें, अन्न वांटून खाणें, या सर्व गोष्टी मुलें शिकलीं. वर्षामागून वर्षें हीं शिबिरें तेथें झालीं, यावरून त्या खोऱ्यांतील गरीब दगडफोडे व शेतकरी यांनीं आपली जीभ आवरली असली पाहिजे. त्यांचें ऋण कोणत्या इतिहासांत लिहिलें जातें?

गरुड परदेशींही गेले. १९३३ सालीं हंगेरींतील गोदोल्लो येथील आणि १९३७ सालीं हॉलंडमधील फोखेलेंझांग येथील जागतिक जांबोरीस त्यांच्यांतील कांहीं जण हजर राहिले. इटलींत बालवीर उरलेच नाहींत असें जग समजत असतां हे तेथें उभे राहिले. हॉलंडची जांबोरी ही वृद्ध बेडन-पॉवेलसाहेबांची शेवटचीच ठरली. १९४१ च्या जानेवारींत ते केनियांत वारले.

या सर्व गोष्टींची किंमत द्यावी लागली नाहीं, असें नाहीं. केलीवर पाळत होती. युद्धाच्या काळांत एकदां त्यास पक्षाच्या गुंडांनीं इतकें मारलें कीं त्याचा एक कान कायमचा बहिरा झाला. बरा होतांच तो पुन्हां मुलांत गेला.

८ सप्टेंबर १९४३ रोजीं इटलीनें दोस्त राष्ट्रांशीं केलेला तह जाहीर झाला आणि जर्मन फौजांनीं उत्तर इटली व्यापिली. यहुदी कुटुंबें, छावण्यांतून सुटलेले युद्धकैदी, जर्मनांच्या चाकरीस नकार देणारे तरुण, या सर्वांचा जीव धोक्यांत आला. स्वित्झर्लंडची सरहद्द जवळच होती. परंतु वाट दाखविणार कोण? येथें आमच्या हसऱ्या वडीलधाऱ्यांनीं लक्ष द्यावें. पंधरा वर्षें अंधारांत डोंगर तुडविणारीं पावलें तयारच होतीं. फादर गेत्ती, त्यांचे सहकारी धर्मगुरू आणि गरुड यांनीं मिळून ऑस्कर नांवाची गुप्त व्यवस्था उभारली. सरहद्दीवर तारेची उंच जाळी होती आणि तीस घंटा बांधलेल्या असत, म्हणजे कोणीं हात लावतांच पहारेकरी जागे व्हावेत. रात्रीं, घंटेचा नाद होऊं न देतां, त्या जाळीखालून वा कापलेल्या भोंकांतून म्हातारीं, गरोदर स्त्रिया आणि लहान लेंकरें पलीकडे न्यावयाचीं होतीं. पकडलें गेल्यास जर्मनींतील छळछावणी किंवा गोळी. कांहीं साथीदार पकडलेही गेले. २,१६६ माणसें पलीकडे पोंचविलीं आणि ३,००० खोटीं ओळखपत्रें करून दिलीं, अशी ऑस्करची नोंद आहे. खोट्या कागदाबद्दल कोणाचें मन कचरत असेल, तर ज्यांच्या खिशांत ते कागद होते त्यांच्या मुलांनातवांस विचारावें.

एप्रिल १९४५ मध्यें फॅसिस्ट सत्ता कोसळली. गरुड आपला काळ १६ वर्षें, ११ महिने आणि ५ दिवस असा मोजतात. मिलानच्या रस्त्यांवर तेव्हां सूडाचें पर्व चालू होतें. कालचे छळक आज जीव वांचविण्यासाठीं दारोदार फिरत होते. त्यांतील कांहींनीं याच धर्मगुरूंच्या आणि याच बालवीरांच्या दारीं आसरा मागितला, आणि तो त्यांस मिळाला. जी व्यवस्था यहुद्यांस लपविण्यासाठीं उभारली होती, तिनेंच त्यांसही लपविलें. यावरून त्या वेळीं पुष्कळ लोक गरुडांवर रागावले. त्यांचा राग आम्हांस समजतो.

केली १९५७ सालीं वारला, आणि फादर गेत्ती १९८० सालीं. कोदेराच्या पायऱ्या अद्याप तशाच आहेत. उन्हाळ्यांत इटलीच्या निरनिराळ्या प्रांतांतून बालवीरांचीं पथकें नोवातेच्या स्थानकावर उतरतात, तंबू पाठीवर घेतात आणि त्या वाटेनें वर निघतात. गणवेष मात्र आतां स्थानकावरच अंगांत असतो.