कोन्या गावचे देशमुख?

परवा एका मित्राच्या लग्नाला तेल्हाऱ्याला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेल्या आजोबांनी नाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर लगेच पुढचा प्रश्न, "कोन्या गावचे देशमुख हा जी तुमी?" गाव सांगितलं. मग हळूच, "म्हंजे असली देशमुख, का नुसतं आडनाव?"

आता काय सांगणार! पुण्यात हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता.

घरी येऊन जरा वाचत बसलो. मुळात देशमुख हा एक हुद्दा. गावाचा प्रमुख पाटील, हिशेब लिहिणारा कुलकर्णी. अशा बऱ्याच गावांचा मिळून परगणा. परगण्याचा प्रमुख देशमुख, त्याचं दफ्तर सांभाळणारा देशपांडे. देशमुखाने सारा वसूल करायचा, बंदोबस्त ठेवायचा आणि त्याबदल्यात वसुलातला हिस्सा आणि इनाम जमीन घ्यायची. थोडक्यात, कमिशनवर चालणारं काम! फक्त ते वंशपरंपरेनं चालायचं, म्हणून वतन.

वऱ्हाडात वरचे मालक सारखे बदलले. इमादशाही 1574 मध्ये संपली, मग अहमदनगरची निजामशाही, 1596 मध्ये मुघल, 1724 नंतर हैदराबादचा निजाम. खालचा देशमुख बहुधा तोच राहिला, कारण कुठल्या गावातून किती वसूल निघतो हे त्यालाच ठाऊक. सरदारासारखा रुबाब आला तो यातून.

1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढे त्यांनी जमीन मोजून रयतवारी लावली. सारा थेट खातेदाराच्या नावावर, गावात वसुलीला पाटील. मधला देशमुख लागेनासाच झाला. आमच्या भाषेत सांगायचं तर अॅक्सेस काढून घेतला, युजरनेम तेवढं राहिलं.

आणि गंमत इथेच आहे. काम गेलं तसा शब्द जन्माला चिकटला. वऱ्हाडात देशमुख म्हणजे आता सोयरिकीचा वेगळा गट. बायोडेटात जातीच्या रकान्यातसुद्धा 'देशमुख' लिहिलेलं मी पाहिलंय!

पण हुद्दा कुठल्या एका जातीचा नव्हताच. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख चित्पावन, मूळ आडनाव सिद्धये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख कायस्थ प्रभू. आपल्या वऱ्हाडातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख मूळचे कदम. मुसलमान देशमुखही आहेत. यातला 'असली' कोण?

पंजाबरावांचं नाव अकोल्याच्या कृषी विद्यापीठामुळे इकडे सगळ्यांच्या तोंडी. 1927 मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून ते उभे राहिले. त्याच सुमारास स्वतः जातीबाहेर लग्न केलं. नंतर देशाचे कृषिमंत्री झाले. त्यांचं नाव मोठं झालं ते या कामांनी, वतनाने नाही.

असो. माझ्या मावसबहिणीचं एक चांगलं स्थळ गेल्या वर्षी मोडलं. मुलगा शिकलेला, दोघांची पसंती झालेली, पण "ते आपल्यातले देशमुख नाहीत". तेव्हा मी गप्प बसलो होतो, कारण मला काही माहीतच नव्हतं. आता तिच्यासाठी नवीन स्थळं बघणं चालू आहे. या वेळी मावशीशी बोलणार आहे.

आणि ते आजोबा परत भेटले तर सांगीन, "आजोबा, असली देशमुखी दीडशे वर्षांपूर्वीच संपली. आता सगळ्यांचं नुसतं आडनावच आहे जी!"