सुईचे शब्द : धाराशिव जिल्ह्यातील घरगुती कलेच्या इतिहासाचे एक साधन

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याचा वस्त्रांशी संबंध प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर, म्हणजे आजचे तेर, येथून भरुच बंदरास जाडेभरडे कापड व नाना प्रकारची मलमल जात असे, असा उल्लेख आहे. परंतु बाजारात गेलेल्या कापडाची नोंद झाली. घरी शिवलेल्या कुंचीची किंवा सणासाठी वळलेल्या वस्त्राची सहसा झाली नाही. जुने टाके व नक्ष्या पुन्हा शोधून काढण्याची हौस सांप्रत वाढली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र वस्तूबरोबर तिचे नावही जतन केले नाही, तर तिच्या इतिहासाचे एक मोठे साधन हातचे जाईल, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्रदेशाचा विचार करू. नळदुर्ग मुलूख १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे गेला व १८६० मध्ये परत आला. विसाव्या शतकात हैदराबाद राज्यातील गुलबर्गा सुभ्यात हा जिल्हा मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. घरात मराठी, शेजारी कन्नड आणि कारभारात आधी फारसी व नंतर उर्दू, अशी ही स्थिती होती. तिचे ठसे सुईदोऱ्याच्या शब्दांतही उमटले आहेत.

याचे उत्तम उदाहरण गेजवस्त्राचे. भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, त्या वेळी देवीस कापसाचे वस्त्र वाहतात. सरकी काढलेला कापूस दुधाच्या बोटाने वळून, ठराविक अंतरावर मणी राखून, त्यांस कुंकू लावतात. अन्यत्र यास ‘कापसाचे वस्त्र’ किंवा ‘वस्त्रमाळ’ म्हणतात. ‘गेजवस्त्र’ हा शब्द कन्नड ‘गेज्जेवस्त्र’ याच्याशी जुळतो, आणि ‘गेज्जे’ म्हणजे घुंगरू. कापसाचे मणी घुंगरांसारखे दिसतात, हे निरीक्षण त्या नावात साठविलेले आहे. ‘वस्त्रमाळ’ म्हटले की ते नाहीसे होते.

कशिद्याकडे वळल्यास हाच प्रकार आढळतो. धारवाड भागातील कसुती इरकली लुगड्यांबरोबर सीमेच्या अलीकडेही परिचित झाली. तिच्यात कापडावर नक्षी रेखाटीत नाहीत. धागे मोजून टाका घालतात. रथ, गोपूर, तुळशीवृंदावन या आकृत्या अशाच गणनेतून उभ्या राहतात. टाके चार : गावंती, मुरगी, नेगी व मेंथी. ‘नेगी’चा संबंध विणण्याशी, तर ‘मेंथी’चा मेथीच्या दाण्याशी आहे. जेथे कागदावर नमुना नव्हता, तेथे नाव हाच नमुना होता. आज त्याच आकृत्या चौकटींच्या कागदावर उतरवून घेतात. त्यामुळे आकृती वाचते, पण टाक्याचे नाव बहुधा गळते.

अन्य शब्दांतही निरनिराळे थर दिसतात. ‘सुई’ संस्कृत ‘सूची’पासून आली; ‘रेशीम’, ‘जर’, ‘कशिदा’ हे शब्द फारसीतून आले; ‘काज’ पोर्तुगीजांकडून मिळाले; ‘गुंडी’ व ‘कुंची’ यांची भावंडे कन्नडमध्ये आहेत. बंजारा तांड्यांवरील ‘कांचळी’ हा शब्द मराठी ‘काचोळी’च्या कुळातला, परंतु आरसे व कवड्या जडविलेली ती चोळी राजस्थानाकडील नाते सांगते. तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यातही कवड्यांची माळ असते. तेथे तीच कवडी भवानीच्या उपासनेची खूण ठरते.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. शब्द परका असला म्हणून कला परकी ठरत नाही. ‘कशिदा’ हा शब्द फारसी खरा. परंतु चिंध्या जोडून शिवलेल्या पांघरुणास संस्कृतात ‘कंथा’ हे नाव होते, म्हणजे टाका फारसीच्या आगमनापूर्वीचा आहे. उलटपक्षी, शब्द घरचा असला म्हणून वस्तू घरचीच असेल असेही नाही. शब्द, साहित्य व कृती यांची साक्ष एकमेकांशी ताडून पाहिल्याखेरीज निर्णय करू नये.

म्हणून संग्राहकांनी प्रत्येक कुंची, गोधडी व तोरण यांबरोबर चार गोष्टी टिपून ठेवाव्यात : करणारीने उच्चारलेले नाव, टाक्याचे नाव, ती ज्या सणासाठी केली तो सण, आणि ती जेथे शिकली ते गाव. अखेरची नोंद विशेष महत्त्वाची आहे. कारण मुली लग्न होऊन परगावी गेल्या, आणि टाकेही त्यांच्याबरोबर गेले. कापड पेटीत पन्नास वर्षे टिकू शकते. त्याचे नाव मात्र सांगणारीच्या आयुष्याइतकेच टिकते. ते लिहून घेण्याचे काम आजच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावयास हवे.